लिस्ट, लूप आणि टेबल: एकच प्रश्न तीन ठिकाणी सोडवून करायचा सराव

प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं की एक टप्पा जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. लिस्ट म्हणजे काय ते सांगता येतं, फॉर लूपची रचना पाठ असते, सिलेक्टच्या दोन-चार क्वेरीही चालवून झालेल्या असतात. पण "प्रत्येक विद्यार्थ्याची बेरीज काढा आणि गैरहजर असलेले वेगळे दाखवा" एवढं साधं काम समोर आलं की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही.

माझ्या मते दोष सरावाच्या पद्धतीत आहे. लिस्टची उदाहरणं वेगळी, लूपची वेगळी, आणि डेटाबेस तर जणू निराळाच विषय. खरं तर तिन्हीकडे काम एकच असतं: नोंदींचा ढीग आहे, त्यातली एकेक नोंद बघायची आणि हवं ते काढायचं. लूप लिहिता तेव्हा हे बघण्याचं काम तुम्ही करता. क्वेरी लिहिता तेव्हा तेच काम डेटाबेस करतो. म्हणून आपण एकच छोटी माहिती घेऊ आणि तेच प्रश्न तिला तीन ठिकाणी विचारू: आधी साध्या लिस्टमध्ये, मग नोंदींच्या लिस्टमध्ये, शेवटी टेबलमध्ये. उत्तरं जुळली पाहिजेत. जिथे जुळणार नाहीत तिथे थांबायचं आणि का ते शोधायचं.

तयारी

पायथन पुरेशी आहे. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरण्याचं मॉड्यूल २००६ साली आलेल्या २.५ आवृत्तीपासून पायथनसोबतच मिळतं, त्यामुळे सर्व्हर, पासवर्ड, पोर्ट यातलं काहीच लागत नाही. एसक्यूलाइटचा अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. सरावापुरती ती फाइलही नको असेल तर फाइलच्या नावाच्या जागी "मेमरी" हा शब्द दोन्ही बाजूंना कोलन लावून (अर्थात रोमन लिपीत) द्या. मग डेटाबेस मेमरीतच तयार होतो आणि प्रोग्रॅम संपला की पुसला जातो. चुका करायला याहून सोयीची जागा नाही.

या लेखात चिकटवायला तयार कोड नाही, आणि ते मुद्दाम आहे. पायऱ्या मराठीत लिहिल्या आहेत, त्यांचा कोड तुम्ही करायचा. खरा सराव त्या रूपांतरातच होतो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, एसक्यूलाइटमध्ये कॉलमची नावंही चालतात. फॉर, इफ यांसारखे राखीव शब्द आणि आकडे मात्र रोमन लिपीतच हवेत.

आपली माहिती ही, दोन विषय आणि पाच विद्यार्थी:

हजेरी क्रमांक १: गणित ६७, विज्ञान ७२
हजेरी क्रमांक २: गणित ४२, विज्ञान ३५
हजेरी क्रमांक ३: गणित ८८, विज्ञान ९१
हजेरी क्रमांक ४: गणित ३१, विज्ञान ५४
हजेरी क्रमांक ५: गणिताला गैरहजर, विज्ञान ६०

उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात असं धरू. क्रमांक २ चे विज्ञानातले ३५ आणि क्रमांक ५ ची गैरहजेरी या दोन गोष्टी मुद्दाम पेरल्या आहेत. सरावाची माहिती नेहमी अशीच निवडावी. सगळं सरळ असलेल्या माहितीवर चुकीचा प्रोग्रॅमसुद्धा बरोबर उत्तर देतो.

पहिली फेरी: नुसती लिस्ट

गैरहजर विद्यार्थी तूर्त बाजूला ठेवा. गणिताच्या गुणांची लिस्ट: [६७, ४२, ८८, ३१]. आता बेरीज, उत्तीर्णांची संख्या, सर्वाधिक गुण आणि ३५ पेक्षा कमी गुणांची वेगळी लिस्ट, ही चारही कामं तयार फंक्शन न वापरता करा. सम, मॅक्स, लेन यांना या फेरीत हात लावायचा नाही. पुढे आयुष्यभर तीच वापरायची आहेत, पण ती आतून काय करतात हे एकदा हाताने करून पाहिलेलं बरं.

बेरजेच्या पायऱ्या अशा:

बेरीज = ०
लिस्टमधल्या प्रत्येक गुणासाठी:
    बेरीज = बेरीज + गुण
बेरीज दाखवा

चालवण्याआधी कागद घ्या आणि तुम्हीच कॉम्प्युटर आहात असं समजून एकेक फेरी लिहा. सुरुवातीला बेरीज ०. ६७ आल्यावर ६७. ४२ आल्यावर १०९. ८८ आल्यावर १९७. ३१ आल्यावर २२८. लिस्ट संपली, उत्तर २२८. हे बालिश वाटेल, पण लूप समजण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. "बेरीज = ०" ही ओळ लूपच्या आत गेली तर काय होईल, हेही कागदावर करून बघा. प्रत्येक फेरीत बेरीज पुन्हा शून्य होते आणि शेवटी हाती उरतात फक्त ३१. ही चूक स्क्रीनवर शोधायला वेळ लागतो, कागदावर दुसऱ्याच फेरीत दिसते.

उत्तीर्ण मोजताना हीच रचना राहते, फक्त गुण मिळवण्याऐवजी अट खरी ठरली की एक मिळवायचा. उत्तर ३. इथे "३५ पेक्षा जास्त" आणि "३५ किंवा जास्त" यात गल्लत झाली तरी गणितात ती कळणार नाही. विज्ञानाची लिस्ट घेतली की क्रमांक २ लगेच पकडून देईल.

सर्वाधिक गुण शोधताना बहुतेक जण "सर्वाधिक = ०" अशी सुरुवात करतात. गुणांसाठी ते चालून जातं. आता [-४, -९, -२] ही तापमानांची लिस्ट द्या. उत्तर ० येतं, आणि शून्य तर लिस्टमध्येच नाही. सुरुवात लिस्टच्या पहिल्या घटकापासून करायची, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. मग दुसरा उभा राहतो: लिस्ट रिकामी असेल तर पहिला घटक कुठून आणायचा? सरासरी काढतानाही रिकामी लिस्ट शून्याने भागण्याच्या चुकीवर नेते. त्यामुळे प्रत्येक लूप लिहून झाला की तो रिकाम्या लिस्टवर आणि एकाच घटकाच्या लिस्टवर चालवून बघण्याची सवय आत्ताच लावा.

या चार कामांत चार घडण आहेत: जमा करणं, मोजणं, शोधणं आणि गाळणं. नवशिक्यांना मिळणारे बहुतेक प्रश्न यांच्याच मिश्रणातून बनतात. सरासरी म्हणजे जमा करणं आणि मोजणं. नापासांतले सर्वाधिक गुण म्हणजे गाळणं आणि शोधणं. नवा प्रश्न आला की यातलं कोणतं आहे एवढं आधी ओळखा, पहिली ओळ आपोआप सुचते.

आता क्रमांकाने फिरणारे लूप. पायथनमध्ये लिस्टची मोजणी ० पासून सुरू होते आणि रेंजमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही. रेंज ५ म्हणजे ० ते ४. रेंज १, ५ म्हणजे १ ते ४. चार घटकांच्या लिस्टमध्ये क्रमांक ४ ची जागा मागितली की इंडेक्स एरर येणारच. ही पद्धत विचित्र वाटते, पण तिला आधार आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ सालच्या एका टिपणात तिची बाजू मांडली होती: सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा असं ठरवलं की दोन आकड्यांची वजाबाकी हीच घटकांची संख्या येते. ० पासून सुरू होणारा आणि ४ च्या आधी थांबणारा तुकडा घेतला तर घटक चार, पुढचा ४ पासून सुरू होतो, मध्ये काही सुटत नाही आणि काही दोनदा येत नाही. तरीही माझा सल्ला असा, की क्रमांकाची गरज नसेल तर तो वापरूच नका. "प्रत्येक गुणासाठी" एवढं पुरत असेल तर तेच लिहा.

गाळण्याच्या कामात एक सापळा आहे आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. [३१, ३३, ६७] मधून ३५ पेक्षा कमी गुण काढून टाकायचे आहेत. लिस्टवर लूप फिरवत त्याच लिस्टमधून रिमूव्ह केलं तर? लूप शून्याव्या जागेवर आहे, तिथे ३१. काढला. लिस्ट झाली [३३, ६७], म्हणजे ३३ सरकून शून्याव्या जागेवर आला. लूपला याचा पत्ता नाही, तो पुढे एक नंबरच्या जागेवर जातो, तिथे ६७ आहे. लूप संपला. ३३ तसाच राहिला, एरर आली नाही. शेजारी शेजारी दोन नापास नसते तर उत्तर बरोबर आलं असतं, म्हणून ही चूक चाचणीतही निसटते. उपाय सोपा: जुनी लिस्ट बदलू नका, हवे ते घटक नव्या लिस्टमध्ये अपेंड करत जा.

दोन किरकोळ गोष्टी. एका लिस्टला दुसरं नाव दिलं की नवी लिस्ट होत नाही, एकाच लिस्टला दोन नावं होतात. वेगळी प्रत हवी असेल तर कॉपी करावी लागते. आणि सॉर्ट ही मेथड लिस्ट जागच्या जागी लावते, परत काहीच देत नाही. "लिस्ट = लिस्ट.सॉर्ट" असं लिहिलं की हातात नन (पायथनमधलं "काहीच नाही" हे मूल्य) येतं आणि पुढच्या ओळीवर अनाकलनीय एरर. अपेंडचंही तसंच.

दुसरी फेरी: नोंदींची लिस्ट

नुसत्या आकड्यांवरून ८८ गुण कोणाचे ते कळत नाही. आता प्रत्येक नोंद म्हणजे एक डिक्शनरी (नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्या ठेवणारी रचना) करा, तिच्यात हजेरी क्रमांक, विषय आणि गुण. अशा दहा डिक्शनरींची एक लिस्ट. गैरहजर विद्यार्थ्याच्या नोंदीत गुणांच्या जागी नन ठेवा. शून्य ठेवू नका. शून्य म्हणजे परीक्षा दिली आणि काहीच जमलं नाही. ननचा अर्थ गुण नाहीतच, हे वेगळं.

नोंदी लूपमध्ये तयार करत असाल तर रिकामी डिक्शनरी लूपच्या आत बनवा. बाहेर एकदाच बनवून आत तिच्यातली मूल्यं बदलत अपेंड केलं, तर लिस्टमध्ये दहा जागा दिसतात आणि दहाही जागांवर एकच, शेवटची नोंद असते.

गणिताची सरासरी पुन्हा काढा. लूपमध्ये विषय गणित आहे का ही अट आली. क्रमांक ५ ची गणिताची नोंद येताच पायथन टाइप एरर देऊन थांबेल, कारण आकड्यात नन मिळवता येत नाही. या एररचे आभारच माना. ती तुमच्याकडून निर्णय मागते: गैरहजर सरासरीत धरायचा की नाही? सोडला तर २२८ भागिले ४, म्हणजे ५७. शून्य गुण मानून धरला तर २२८ भागिले ५, म्हणजे ४५.६. कोणतं बरोबर हे प्रोग्रॅम सांगत नाही, ते माहिती ज्याची आहे त्याला विचारायचं.

सोडायचं ठरलं, तरी ते कसं लिहिता यावर लक्ष ठेवा. "जर गुण असतील तर" हे पायथनमध्ये नुसतं "इफ गुण" असं लिहायचा मोह होतो. पायथनच्या लेखी ० हेसुद्धा खोटं आहे. म्हणजे परीक्षेत शून्य मिळवलेला विद्यार्थीही गैरहजर ठरतो. बेरजेत फरक पडत नाही, मोजणीत पडतो आणि सरासरी फुगते. "गुण नन नसतील तर" अशी नेमकी अट लिहायची.

आता या फेरीतला सगळ्यात महत्त्वाचा सराव: गट पाडणं. प्रत्येक विद्यार्थ्याची एकूण बेरीज हवी आहे. पहिला विचार असा येतो की पाच क्रमांकांवर एक लूप, आणि त्याच्या आत दहा नोंदींवर दुसरा. चालतं, पण ५० वेळा तपासणी होते. विद्यार्थी १००० आणि नोंदी २००० झाल्या की तपासण्या २० लाख. एकाच फेरीत हे होतं:

बेरजा = रिकामी डिक्शनरी
प्रत्येक नोंदीसाठी:
    क्र = नोंदीतला हजेरी क्रमांक
    जर क्र बेरजांमध्ये नसेल:
        बेरजा[क्र] = ०
    जर नोंदीतले गुण नन नसतील:
        बेरजा[क्र] = बेरजा[क्र] + नोंदीतले गुण

पहिल्या फेरीतला जमा करणारा लूपच हा, फक्त गल्ला एकाऐवजी प्रत्येक क्रमांकाचा स्वतंत्र. उत्तरं ताडून बघा: १ चे १३९, २ चे ७७, ३ चे १७९, ४ चे ८५, ५ चे ६०. मग हाच लूप विषयानुसार गट पाडून लिहा. एकाच ओळीत बदल करावा लागेल, आणि ती कोणती हे न बघता सांगता आलं तर गट पाडणं तुम्हाला जमलं. या ठिकाणी घाई करू नका. ही सात ओळींची घडण अंगवळणी पडली की डेटाबेसमधला ग्रुप बाय पाठ करावा लागत नाही.

तिसरी फेरी: टेबल

१९७० साली संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती टेबलांमध्ये ठेवायची आणि काय हवं ते सांगायचं, ती आत कशी रचली आहे आणि कशी शोधायची याची चिंता वापरणाऱ्याने करायची नाही, हा त्यामागचा विचार. क्वेरी लिहिण्याची भाषा एसक्यूएल त्यातूनच पुढे आली. म्हणून क्वेरीत लूप दिसत नाही. तो आहे, पण तुमच्या नजरेआड.

"गुण" नावाचा कॉलम असलेलं "निकाल" हे टेबल बनवा. कॉलम तीन: हजेरी क्रमांक, विषय, गुण. प्रायमरी की, म्हणजे टेबलात दोनदा येऊ न देण्याची खूण, क्रमांक आणि विषय या जोडीवर ठेवा. ही जोडी सोडून दिली तर काय होतं ते आवर्जून करून बघा: नोंदी टाकणारा प्रोग्रॅम फाइलमधल्या डेटाबेसवर दोनदा चालवा. दहाच्या वीस नोंदी होतात, बेरजा दुप्पट होतात, पण सरासरी तीच राहते! फक्त सरासरी बघणाऱ्याला काही बिघडलंय याचा सुगावाही लागत नाही. की असेल तर दुसऱ्याच वेळी डेटाबेस एरर देऊन अडवतो.

नोंदी टाकताना मूल्यं क्वेरीच्या मजकुरात जोडू नका. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं लिहा आणि मूल्यं वेगळी द्या. मजकूर जोडून क्वेरी बनवली की कोणीतरी नावाच्या चौकटीत क्वेरीचाच तुकडा लिहून तुमचं टेबल उडवू शकतो. हल्ला कोणी केला नाही तरी नावात एखादं अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडतेच.

प्रश्नचिन्हाच्या पद्धतीतही एक गमतीदार एरर सगळ्यांना भेटते. क्वेरीत प्रश्नचिन्ह एकच आहे आणि तुम्ही कंसात "गणित" हा शब्द दिला, पण त्यानंतर स्वल्पविराम दिला नाही. पायथन सांगतो की एक मूल्य हवं होतं, चार मिळाली. चार कुठून आली? स्वल्पविरामाशिवाय तो कंस टपल (मूल्यांचा गट) ठरत नाही, नुसती स्ट्रिंग (मजकूर) राहते. स्ट्रिंगमधलं एकेक चिन्ह वेगळं मूल्य धरलं जातं: ग, ण, वेलांटी, त. डोळ्यांना तीन अक्षरं दिसली तरी ऱ्हस्व वेलांटी पायथनच्या हिशेबी स्वतंत्र चिन्ह आहे. "मराठी" या शब्दाची लांबी म्हणूनच ५ येते. देवनागरी मजकुरावर लूप फिरवणार असाल तर हे लक्षात असू द्या.

सगळं टाकून झालं की कमिट करा, म्हणजे बदल कायमचे साठवा. नाही केलं तर प्रोग्रॅम चालू असेपर्यंत नोंदी दिसतात आणि पुन्हा उघडल्यावर टेबल रिकामं.

आता तेच प्रश्न. उत्तीर्ण: व्हेअरमध्ये गुण ३५ किंवा जास्त. हे गाळणं. सरासरी: एव्हीजी. गटवार बेरीज: ग्रुप बाय हजेरी क्रमांक, सोबत सम. प्रत्येक क्वेरीशेजारी तुमच्या लूपचं उत्तर छापा.

गणिताची सरासरी ५७ येईल. एव्हीजीने गैरहजर विद्यार्थ्याला न विचारता सोडून दिलं. मघाशी पायथनने थांबून जो निर्णय तुमच्याकडून मागितला होता, तो इथे डेटाबेसने परस्पर घेतला. मोजणीतही हेच: काउंटमध्ये तारा दिला तर गणिताच्या नोंदी ५ येतात, गुण हा कॉलम दिला तर ४. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

पायथनमधल्या ननला डेटाबेसमध्ये नल म्हणतात. त्याचा स्वभाव समजायला आणखी एक प्रयोग. गणितात ३५ किंवा जास्त गुण असलेले मोजा: ३. ३५ पेक्षा कमी असलेले मोजा: १. बेरीज ४, विद्यार्थी ५. नलची तुलना कशाशीही केली की उत्तर खरंही येत नाही आणि खोटंही येत नाही, "माहीत नाही" असं येतं, आणि व्हेअर फक्त खरं ठरलेल्याच ओळी देतं. "गुण = नल" असं लिहिलं तरी एकही ओळ मिळणार नाही. त्यासाठी "इझ नल" हीच रचना. अहवालातली संख्या जुळत नसेल तर मी आधी नल शोधतो, बाकीचं नंतर.

आता देवनागरी अंकांचा सापळा. वापरणाऱ्याने गुण टाइप केले "९०", देवनागरी अंकांत. इनपुटमधून येतं ते नेहमी स्ट्रिंगच. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी अंक ओळखतं आणि ९० हा आकडा बनवून देतं. पण इंट करायला विसरलात आणि स्ट्रिंग तशीच टेबलमध्ये टाकली तर? रोमन अंकांची स्ट्रिंग असती तर इंटिजर कॉलमने तिचा आकडा करून घेतला असता आणि चूक झाकली गेली असती. देवनागरी अंक एसक्यूलाइटला आकडे वाटत नाहीत, म्हणून तो मजकूरच साठवतो आणि तक्रारही करत नाही. पुढे मजा येते. एसक्यूलाइटमध्ये कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे देवनागरीत "१२" गुण असलेला विद्यार्थीही "३५ किंवा जास्त" या अटीत बसतो, आणि मॅक्सही तेच "१२" परत देतो. सममध्ये मात्र त्याची किंमत शून्य. हे मुद्दाम करून बघा आणि टाइपऑफ फंक्शनने त्या कॉलममधल्या मूल्यांचे प्रकार छापा. एसक्यूलाइटच्या ३.३७ आवृत्तीपासून टेबल बनवताना स्ट्रिक्ट लिहिता येतं, मग असा मजकूर आत घेतलाच जात नाही.

आणि क्रम. ऑर्डर बाय नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही. आज टाकल्या त्याच क्रमाने आल्या म्हणून त्यावर विसंबू नका.

लूपमध्ये क्वेरी लिहिण्याआधी

लूप आणि डेटाबेस दोन्ही जमायला लागले की एक सवय नकळत लागते. विद्यार्थ्यांचं वेगळं टेबल आहे. त्यातून सगळे क्रमांक घेतले, त्यांच्यावर लूप फिरवला आणि आत प्रत्येकासाठी निकालाची क्वेरी चालवली. पाच विद्यार्थ्यांना सहा क्वेरी. हजार विद्यार्थ्यांना हजार एक. एसक्यूलाइटची फाइल तुमच्याच मशीनवर असल्याने हे चटकन जाणवत नाही. डेटाबेस नेटवर्कपलीकडे असला की प्रत्येक क्वेरीला ये-जा करावी लागते आणि पान उघडता उघडत नाही. हेच काम एका जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडणाऱ्या एकाच क्वेरीत होतं. ज्यांच्या निकालाची एकही ओळ नाही असे विद्यार्थीही दिसायला हवे असतील तर लेफ्ट जॉइन घ्या. साधा जॉइन त्यांना गाळून टाकतो.

मग लूप कशासाठी? माझा ठोकताळा असा आहे: गाळणं, मोजणं, बेरीज, क्रम लावणं ही कामं डेटाबेसकडे. आलेल्या ओळी सजवून दाखवणं, फाइल लिहिणं, प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवणं ही कामं लूपकडे. मधल्या हद्दीवर वाद होऊ शकतो. मागच्या ओळीवर अवलंबून असलेले चढते हिशेब पूर्वी एसक्यूलाइटमध्ये अवघड होते, २०१८ च्या ३.२५ आवृत्तीपासून विंडो फंक्शन आल्याने तिथेही जमतात. शिकताना मात्र ते लूपमध्येच करा, जास्त स्पष्ट दिसतं.

अपडेट आणि डिलीटचा सराव करताना आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट चालवा आणि किती ओळी येतात ते पाहा. मग अपडेट चालवून कर्सरचा रोकाउंट (किती ओळी बदलल्या तो आकडा) छापा. आकडे जुळले तर कमिट, नाहीतर रोलबॅक, म्हणजे बदल रद्द. व्हेअर विसरलेलं अपडेट टेबलातली प्रत्येक ओळ बदलतं, तेही तत्परतेने.

पुढचे प्रश्न

हे तिन्ही ठिकाणी सोडवा. उत्तरं देतो, वाट तुम्ही शोधायची.

गणितातले दुसऱ्या क्रमांकाचे सर्वाधिक गुण, सॉर्ट न वापरता. उत्तर ६७. मग ८८ दोघांना मिळाले असं करा आणि दुसरा क्रमांक म्हणजे काय ते आधी शब्दांत लिहा, नंतर कोड.

प्रत्येक विषयात पहिला आलेला क्रमांक. दोन्हीकडे ३. गुणांऐवजी क्रमांक विचारला की लूपमध्ये दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवाव्या लागतात, आणि बरोबरी झाली तर एकच नाव दाखवायचं का, हेही ठरवावं लागतं.

विषयवार सरासरी, आणि मग फक्त ६० पेक्षा जास्त सरासरी असलेले विषय. गणित ५७, विज्ञान ६२.४, म्हणजे उत्तर फक्त विज्ञान. क्वेरीत इथे व्हेअर चालणार नाही, हॅविंग लागेल. व्हेअर गट पडण्याआधी ओळी गाळतं, हॅविंग गट पडल्यावर. तुमच्या लूपच्या कोडमध्ये या दोन अटी कुठे कुठे बसतात ते बोट ठेवून दाखवा.

ज्यांना विज्ञानात गणितापेक्षा जास्त गुण आहेत असे विद्यार्थी. हा थोडा चिवट आहे, कारण एका विद्यार्थ्याच्या दोन वेगळ्या ओळींची तुलना करायची आहे. लूपमध्ये आधी क्रमांकानुसार गुण एकत्र करा, मग तुलना. टेबलमध्ये निकालाचं टेबल त्यालाच जोडावं लागेल, एकदा गणितासाठी आणि एकदा विज्ञानासाठी. उत्तर १, ३ आणि ४. क्रमांक ५ पाशी दोन्हीकडे काय घडतं ते बघा: ६० आणि नन यांची तुलना करताना पायथन एरर देऊन थांबेल, क्वेरी मात्र त्याला गुपचूप वगळून पुढे जाईल. त्याला "तुलना शक्य नाही" अशा वेगळ्या यादीत दाखवणारा लूप लिहा, आणि मग तीच यादी देणारी क्वेरी.